साक्षीदाराचा रकाना

१

तुमच्यापैकी कुणीतरी न बघता सही केली.

कुणी, ते मला माहीत नाही. कागदावर सात सह्या आहेत: माल पाठवणारा, उतरवून घेणारा, मोजणारा, तपासणारा, तपासणाऱ्याला तपासणारा, आणि आणखी दोघं, ज्यांचं काम काय होतं ते चौकशीतही नीट कळलं नाही. सातही सह्या वळणदार आहेत, कुठे शाई फुटलेली नाही. सातांतल्या एकाने जरी डबी उघडून आत पाहिलं असतं, तरी त्याला दिसलं असतं की आतली चिप नवी नाही. भंगारातल्या कुठल्यातरी बोर्डावरून ती उचकटून काढलेली होती. वरचा भाग घासून त्यावर नवा नंबर छापला होता. सलाईनचा वेग सांभाळणाऱ्या एका पंपात ती बसली, तो पंप माझ्या आईच्या खाटेशेजारी येऊन उभा राहिला, आणि एका दुपारी पावणेतीन वाजता त्याने चार तासांचं औषध चार मिनिटांत सोडलं.

चौकशीच्या अहवालात 'पुरवठा साखळीतील त्रुटी' असे शब्द आले. जणू साखळी स्वतःहून कुठेतरी चालत गेली आणि ठेचकाळली.

मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. पास झाल्यावर मी एका 'विश्वासार्ह उत्पादन' कारखान्यात अर्ज केला. विश्वासार्ह हा तिथे दर्जाचा शब्द आहे. तो कारखान्याला दर वर्षी नव्याने मिळवावा लागतो. प्रत्येक चिप कुठे बनली, कुणाकुणाच्या हातांतून आली आणि त्या प्रत्येक हाताबरोबर दुसरे डोळे होते का, हे कागदावर सिद्ध करावं लागतं.

दुसरे डोळे हा नियम माझा. खरं तर बाबांचा. बाबा छापखान्यात मुद्रितशोधक होते. त्यांच्याकडे एकजण मूळ प्रत मोठ्याने वाचायचा आणि दुसरा छापलेल्या ओळींवर बोट ठेवून बघायचा. एकट्याने तपासलेलं प्रूफ ते पुन्हा तपासायला लावत. मी तेच तीन पानांचं टिपण करून कारखान्यात दिलं आणि सहा महिने भांडून मंजूर करून घेतलं. उघड्या चिपेला कुणीही एकट्याने हात लावणार नाही. एक तपासनीस, एक साक्षीदार. एका ट्रेला जरी साक्षीदार नसला, तरी सगळा लॉट नष्ट.

हे आधी सांगते, कारण पुढे मी जे केलं ते याच मापाने मोजायला हवं.

२

तपासणीची खोली दहा बाय बारा फुटांची. भिंती, छत, फरशी, सगळं पांढरं. धूळ अडकू नये म्हणून कोपरे गोल केलेले. खिडकी नाही. बाहेरच्या बाकावर चपला काढायच्या, रखवालदाराच्या वहीत वेळ टाकायची, पांढरा झगा, टोपी, मास्क, चष्मा, हातमोजे चढवायचे, आणि मग फोनच्या जुन्या बूथएवढ्या पेटीत उभं राहायचं. तिथे वीस सेकंद चारी बाजूंनी जोरात हवा सुटते. ती हवा फक्त आत येणाऱ्यासाठी सुटते, बाहेर जाणाऱ्यासाठी नाही. आत बसलेल्याला तिचा घोंगावणारा आवाज ऐकू येतो. कुणी आलं, एवढं कळतं. कोण आलं ते कळत नाही. आत सगळे सारखेच दिसतात आणि मास्कमधून सगळ्यांचे आवाजही सारखेच येतात.

मधोमध टेबल, टेबलावर मायक्रोस्कोप. त्याला डोळे लावायच्या दोन जागा आहेत, शेजारी शेजारी, म्हणजे एकच चिप दोघांना एका वेळी दिसते. आमच्याकडे त्याला 'जुळं' म्हणतात. जुळ्याची एक खोड आहे. शेजारच्या जागेवर कुणी डोळे लावलेले नसतील तर छतावरच्या दिव्याचा उजेड त्या रिकाम्या नळ्यांतून आत उतरतो आणि आपल्याला दिसणाऱ्या चित्रावर फिकट साय धरते. शेजारच्याने डोळे टेकवले की साय निघते आणि चित्र गडद होतं. त्यामुळे मान वर न करता आपल्याला कळतं, साक्षीदार बघतोय.

माझ्या डावीकडे बसायच्या त्या ताई. सगळा कारखाना त्यांना ताईच म्हणतो, साहेबसुद्धा. एकोणीस वर्षं नोकरी झालेली. मी नवीन असताना त्यांनी माझं नाव ठेवलं, नियमबाई.

"नियमबाई, आत शिंक आली तर काय करायचं? दोघींनी मिळून शिंकायची का?"

"ताई, आत शिंकायचंच नसतं."

"मग लिही की तेही. चौथं पान होईल."

एका ट्रेमध्ये चौसष्ट चिपा. प्रत्येक चिप बघायची, भिंतीवरच्या नमुन्याच्या चित्राशी ताडायची. ट्रे संपला की मी विचारायचं, "पाहिलं?" त्यांनी म्हणायचं, "पाहिलं." मग मधे ठेवलेल्या कागदावर उजव्या रकान्यात माझी खूण, डाव्या रकान्यात, म्हणजे त्यांच्या हाताशी असलेल्या रकान्यात, साक्षीदाराची. दिवसाला दहा ट्रे होतात. म्हणजे हा शब्द दिवसातून वीस वेळा, दोन वर्षं. त्याचा आता अर्थ लागत नव्हता, घड्याळाच्या टोल्यासारखा तो नुसता होऊन जायचा.

३

त्या लॉटमध्ये चोवीस ट्रे होते. पेसमेकरमध्ये बसवायच्या चिपा. हृदयाचा ठोका चुकला की त्याला ढोसणारं हे यंत्र पूर्वी बाहेरून यायचं. ज्या ठिकाणाहून त्याच्या चिपा येत होत्या तिथल्या नोंदींची खात्री पटेना, म्हणून वर्षभर ती आवक थांबली होती. आमचा हा पहिला लॉट.

बाबांच्या छातीत जुना पेसमेकर आहे. त्याची बॅटरी संपत आली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सहा महिने, फार तर सात. आमच्या लॉटपासून यंत्र तयार व्हायला चार महिने. त्याच्या पुढचा लॉट यायला दहा. रुग्णालयाच्या यादीत बाबांचा क्रमांक एकशे बारा होता. हे गणित मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण बाबांना ते ठाऊक होतं. सकाळी मी निघताना ते म्हणाले, "माझी चिप जरा नीट बघ हं. जोडाक्षर तुटलेलं नको."

पहिले सहा ट्रे सरळ गेले. सातवा संपला, मी चौसष्टाव्या चिपेवरून नजर हटवली आणि विचारायला तोंड उघडलं.

"पाहिलं," उत्तर आलं.

मी अजून विचारलं नव्हतं.

मला हसू आलं. वीस वेळा तोच शब्द, तर कधीतरी आधी पडणारच तोंडातून. मी खूण केली, ताईंनी खूण केली. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना म्हटलं, "फार घाई झालीय तुम्हाला. विचारायच्या आधीच उत्तर."

त्या डबा उघडत होत्या. "मी? मला वाटलं आज तूच विसरलीस. सातव्याला तू विचारलंसही नाहीस आणि मी बोललेही नाही. तू खूण केलीस म्हणून मी केली."

"मग 'पाहिलं' कोण म्हणालं?"

"तूच म्हणाली असशील. नाहीतरी तुला दोघींचं काम एकटीनेच करायचं असतं."

४

दुसऱ्या दिवशी अकराव्या ट्रेच्या मधेच ताईंचा चिमटा वाकला. नवा आणायला त्या मागच्या कपाटाकडे गेल्या. कपाटाचं दार करकरलं. मी डोळे मायक्रोस्कोपलाच लावून बसले होते. चित्रावर साय धरायची वाट बघत होते, उगीच, सवयीने.

साय धरली नाही.

चित्र गडदच राहिलं. चिपेच्या रेषा काळ्या-सोनेरी, स्वच्छ, जसं शेजारी कुणी डोळे टेकवून बसलं असताना दिसतं तसं. मागे ताई खण उघडून चिमटे धुंडाळत होत्या. पुटपुटत होत्या, "सगळे बोथट. यांनी काय पापड भाजायचेत का."

मी मान वर केली. शेजारच्या नळ्या रिकाम्या, दोन काळी भोकं. पुन्हा डोळे लावले. साय होती.

मी शास्त्र शिकलेली मुलगी आहे. मी छतावरचा दिवा तपासायला लावला. वीजतंत्री शिडी घेऊन आला, ट्यूब काढून पुन्हा बसवली आणि म्हणाला, "दिव्याला काही झालेलं नाही, मॅडम. पण तुम्ही म्हणताय तर बदलतो." बदलला. दिवा क्षणभर मंदावला असेल, असं मी माझ्या रोजच्या नोंदीत लिहिलं. 'असेल' हा शब्द मी त्या वहीत पहिल्यांदाच लिहिला.

या सगळ्यात वेळ गेला, दिवसाअखेर सोळाच ट्रे झाले होते.

५

तिसऱ्या दिवशी सकाळी सतरावा ट्रे लावला तेवढ्यात दारावरचा लाल दिवा लागला. आतल्या कुणासाठी तरी बाहेर निरोप असल्याची खूण. ताई उठल्या. "माझ्या लेकीचा असणार, नातवाला बरं नाहीये. थांब, आलेच."

मी थांबले. नियम माझाच होता. डोळे चिपेवर, हात मांडीवर. चित्रावर साय. पाचेक मिनिटं गेली असतील.

मग पेटीत हवा सुटल्याचा आवाज आला. वीस सेकंद. दार उघडून मिटलं. साय निघाली.

"बरा आहे का नातू?" मी विचारलं. उत्तर आलं नाही. काळजीत असतील म्हणून मी पुढे काही विचारलं नाही आणि कामाला लागले.

सतरावा संपला. "पाहिलं?" "पाहिलं." अठरावा. एकोणिसावा. हात छान बसला होता. मागे कधी इतक्या भराभर चिपा मी पाहिल्या नव्हत्या, एरवी एका ट्रेला लागतो तेवढ्या वेळात चार झाले. शेजारी जराही चुळबुळ नव्हती. ताईंना गुडघेदुखी आहे, दर दहा मिनिटांनी त्या पाय हलवतात आणि टेबल किंचित हादरतं. त्या दिवशी टेबल हादरलं नाही, हे मला नंतर आठवलं.

विसावा ट्रे संपला.

"पाहिलं?"

"पाहतोय."

मी मान वर केली. शेजारी कुणी नव्हतं. स्टूल टेबलाखाली पार आत सरकवलेलं होतं, ताई जाताना नेहमी सरकवतात तसं. टेबल आणि स्टूल यांच्यामधे तळहातही गेला नसता.

पेटीत हवा सुटली. वीस सेकंद. ताई आत आल्या.

"सॉरी गं. पाऊण तास गेला. ताप उतरेना, मग जावयाला फोन, मग डॉक्टरला फोन." त्या जवळ आल्या आणि कागदाकडे बघून थांबल्या. "हे कुणी केलं?"

साक्षीदाराच्या रकान्यात चार खुणा होत्या. सतरा, अठरा, एकोणीस, वीस. ताईंच्या खुणेसारख्याच, शेपटी खाली वळलेल्या.

६

गुणवत्ता विभागाच्या साहेबांना पाठीमागे सगळे 'कॅलेंडर' म्हणतात, कारण ते तारखा सोडून काही बोलत नाहीत. मी सगळं सांगितलं. त्यांनी मला वेड्यात काढलं नाही. रखवालदाराची वही मागवली. ताई बाहेर, दहा पन्नास. ताई आत, अकरा पस्तीस. मधे कुणी नाही. मग त्यांनी खोलीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण लावलं. त्याला आवाज नसतो.

पडद्यावर मी एकटीच होते. पांढरी, वाकलेली. पाच मिनिटं स्तब्ध. मग माझा मास्क हलला. नातवाचं विचारलं ते. मग काम सुरू. ट्रे संपला की मास्क हलायचा. मग मी थांबायचे, कुणी उत्तर द्यायला लागतो तेवढा वेळ. मग माझा उजवा हात उजव्या रकान्यात खूण करायचा, आणि डोळे मायक्रोस्कोपवरून न हलवता माझा डावा हात डाव्या.

"बघा," साहेब म्हणाले. "तुम्हीच केलंय. थकलाय तुम्ही. तीन महिन्यांत एक रजा नाही तुमची."

"मी डावखुरी नाही, साहेब. डाव्या हाताने मला सरळ रेघ ओढता येत नाही."

त्यांनी चित्रण बंद केलं. खणातून एक अर्ज काढून माझ्यापुढे ठेवला. लॉट नष्ट करण्याचा अर्ज. तोही मीच तयार केला होता.

"नियम तुमचा. तुम्ही म्हणा, मी आत्ता सही करतो. पुढचा लॉट दहा महिन्यांनी. किंवा आजचा कागद रद्द करा, उद्या ताईंबरोबर ते चार आणि राहिलेले चार ट्रे बघा, आणि उद्याची तारीख टाका. मी आज काही पाहिलं नाही."

"हे नियमात बसत नाही."

"बसवायचं की नाही, ते तुम्ही सांगा." मग ते जरा थांबून म्हणाले, "तुमच्या वडिलांचं कुठवर आलंय?"

मी तो अर्ज घडी करून पिशवीत ठेवला. सही केली नाही, परतही दिला नाही.

७

संध्याकाळी जेवताना मी बाबांना विचारलं, "बाबा, एखादी बाई 'पाहतोय' असं म्हणेल का?"

त्यांना हे असले प्रश्न आवडतात. घास हातात धरून ते विचार करत राहिले. "काही ठिकाणच्या बायका म्हणतात. पण तुझ्या ताईंसारखी 'पाहतेय' म्हणेल."

"म्हणजे पुरुष."

"घाई नको. प्रूफ तपासताना एक लक्षात ठेवायचं, कर्ता नसलेल्या वाक्यावर भरवसा ठेवायचा नाही. 'मी पाहतोय' म्हटलं तर पुरुष. 'आम्ही पाहतोय' म्हटलं तर कुणीही. बायका, पुरुष, कोणीही. फक्त एकापेक्षा जास्त." घास तोंडात गेला. "कर्ता काय होता वाक्यात?"

"नव्हता."

"मग वाक्य अर्धवट आहे. परत पाठव."

'पाहिलं' या शब्दात बोलणाराच नसतो, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. बाई की पुरुष, एक की अनेक, काही कळत नाही. दोन वर्षं मी दिवसातून दहा वेळा एक प्रश्न विचारत होते आणि ज्यात बोलणारा कुठेच नाही असं उत्तर घेत होते. आणि तो शब्द मीच निवडला होता, छोटा आणि सोयीचा म्हणून.

बाबा पाणी प्यायला उठले. तीन पावलांवरच्या माठापर्यंत जाताना त्यांनी दोनदा भिंतीला हात लावला. पाठमोरे असल्यामुळे मला ते दिसत नाही असं त्यांना वाटत होतं.

८

सकाळी ताई आणि मी आत गेलो. ताई थट्टा करत नव्हत्या. पिशवीतला अर्ज मी बाहेरच्या कपाटात ठेवला होता. आठ ट्रे. राहिलेले चार आधी केले, मग सतरा, अठरा, एकोणीस. प्रत्येक चिप नमुन्यासारखी. एक रेघ जास्त नाही, एक कमी नाही. ताईंचा गुडघा हलायचा, टेबल हादरायचं, मला बरं वाटायचं. "पाहिलं?" "पाहिलं मी," ताई म्हणायच्या. 'मी' हा शब्द त्यांनी त्या दिवशी स्वतःहून जोडला होता. मी काहीच सांगितलं नव्हतं.

विसाव्या ट्रेची चौसष्टावी चिप. नमुन्यासारखीच.

"ताई, जरा डोळे बाजूला घ्या."

त्यांनी घेतले. स्टूल मागे सरकवल्याचा आवाज आला. साय धरली नाही.

"आता लावलेत का?"

"नाही गं. मी इथे मागे उभी आहे."

उजेड कुठून अडतोय, याचा मी शांतपणे विचार केला. वरून शेजारच्या नळ्या मोकळ्या होत्या. मायक्रोस्कोपला तिसरी बाजू एकच असते, खालची. जिथे चिप असते.

प्रत्येक चिपेच्या एका कोपऱ्यात काहीच कोरलेलं नसतं. तो भाग आरशासारखा घोटलेला असतो. मी सगळ्यात मोठं भिंग फिरवून आणलं आणि तो कोपरा मधोमध घेतला. अशा वेळी कधी कधी आपल्याच डोळ्यांची अंधुक सावली दिसते. तशी दिसली. दोन डोळे, बारीक, पापण्यांसकट. मी सुटकेचा श्वास टाकला. म्हणजे एवढंच होतं.

मग मी डावा डोळा मिटला.

तिथे दोन्ही उघडे होते.

किती वेळ बघत राहिले, सांगता येणार नाही. त्यांत राग नव्हता, हे मात्र सांगते. भिंतीवरच्या नमुन्याशी एखादी चिप ताडून बघताना माझे डोळे जसे असत असतील, तसेच ते होते. काळजीपूर्वक. एकेक रेघ. मग त्यांच्या शेजारी आणखी—

मी भिंग बाजूला केलं.

"काय झालं?" ताईंनी विचारलं. त्या अजून मागेच उभ्या होत्या. पुढे आल्या नाहीत.

"तुम्ही बघता का एकदा?"

"या चिपेचं माझं बघून झालंय. चांगली आहे." मग त्या म्हणाल्या, "बाबा कसे आहेत तुझे?"

मी कागद पुढे ओढला. त्यांनी मग तो शब्द मला विचारला, जो दोन वर्षांत त्यांनी कधीच विचारला नव्हता, कारण तो माझा प्रश्न होता.

"पाहिलंस?"

"पाहिलं," मी म्हणाले, आणि उजव्या रकान्यात खूण केली. खाली पूर्ण सही केली. वळणदार आली. शाई फुटली नाही.

बाहेर पडल्यावर कपाटातला अर्ज मी फाडला. आईच्या कागदावरच्या सात जणांनी न बघता सही केली होती. माझ्यावर तो आरोप कुणाला करता येणार नाही.

९

चार महिने आणि नऊ दिवसांनी बाबांना नवीन पेसमेकर बसला. त्यानंतर महिन्याने तपासणीला नेलं. बाबांची तब्येत सुधारली होती. माठापर्यंत जाताना ते भिंतीला हात लावत नव्हते. शेजाऱ्यांच्या लग्नपत्रिकेतल्या चुका काढू लागले होते.

तपासणीची खोली लहान, भिंती पांढऱ्या. तिथल्या तंत्रज्ञ बाई हसऱ्या होत्या. त्यांच्याकडे तळहाताएवढी एक चकती होती, वायरने संगणकाला जोडलेली. ती छातीवर ठेवायची, मग बटण दाबलं की ती आतल्या यंत्राला विचारते, बॅटरी किती, ठोके किती, आणि यंत्र उत्तर देतं.

"काही त्रास, काका?"

"छे. उलट आता सोबत झाली," बाबा शर्टाची बटणं काढत म्हणाले. "आत एक जण वाचतो, एक जण बघतो. छापखान्यात असल्यासारखं वाटतं."

बाई हसल्या. त्यांनी चकती उचलली. ती अजून बाबांपासून हातभर लांब होती. बाबा माझ्याकडे बघत होते. मला वाटलं त्यांना काही विचारायचंय, म्हणून मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं, आणि मग पटकन भिंतीवरच्या तक्त्याकडे बघू लागले. तक्त्यावर हृदयाचं चित्र होतं. त्याचे चारही भाग मी ओळीने वाचले. पुन्हा वाचले.

संगणकाने टिक केलं.

बाईंनी हातातल्या चकतीकडे पाहिलं, मग पडद्याकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक उमटलं.

"फार हुशार यंत्र आहे हो काका तुमचं. मी अजून विचारलंही नाही, आणि याचं उत्तर येऊन बसलंय."